सासरेबुवांचे शुभेच्छुक

जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडे म्हणतात. ग्रह असल्यामुळे त्याला शांत ठेवावं लागतं. अधिक महिन्यात अनारसे, दिवाळीला कपडे, आणि रुसला तर समजूत काढायला अख्खं घर. माझ्या बहिणीचा नवरा आमच्या सांगलीच्या घरी आला की सोफ्यावरून फक्त जेवायला उठतो, आणि जेवण झालं की ‘दमलो बुवा’ म्हणून परत सोफ्यावर जातो. मी जर्मनीत लग्न केलं आणि ग्रह व्हायच्या ऐवजी शिडीवर चढलो.

शिडी सासऱ्यांची. टोकाला मी, दातात प्लास्टिकचे केबल टाय, बगलेत सासऱ्यांचा हसरा चेहरा छापलेला पुठ्ठ्याचा फलक, समोर रस्त्यावरच्या दिव्याचा खांब आणि वरून हॅनोव्हरकडचा तो बारीक, चिवट पाऊस. इथे निवडणूक आली की उमेदवारांचे फलक असे खांबाखांबाला बांधतात. बांधायला भाड्याची माणसं नसतात. पक्षाचे चार कार्यकर्ते, एखादा शेजारी, आणि ज्याला असेल त्याचा जावई. सासरे खाली उभे राहून सूचना देत, "थोडा डावीकडे. तुझ्या नाही, माझ्या डावीकडे. अजून एक अंश." गणित आणि भूगोल शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. स्वतःचा चेहरा जमिनीला समांतर नसेल तर त्यांना त्या रस्त्यावरून पुढे जाववत नसे.

सासरे आमदार होते. म्हणजे इथल्या राज्याच्या विधानसभेचे, लांडटागचे, सभासद. लग्न ठरलं तेव्हा मी आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग त्यांनी तुझ्यात काय पाहिलं?" दोन दिवसांत आमच्या सगळ्या नातेवाइकांत बातमी पसरली. कोणाला पांढरी गाडी दिसू लागली, कोणाला बंदूकवाले अंगरक्षक. एका काकांनी तर त्यांच्या मुलाच्या व्हिसासाठी ‘आमदारसाहेबांचा एक शब्द’ मागितला. प्रत्यक्षात मी पहिल्यांदा त्यांच्या गावी गेलो तेव्हा आमदारसाहेब स्टेशनवर सायकल घेऊन उभे होते. डोक्यावर हेल्मेट, पँटचा पाय चिमट्याने आवळलेला. माझी बॅग त्यांनी कॅरियरवर ठेवली, दोरीने बांधली, गाठ ओढून पाहिली आणि घरापर्यंत चालत आणली. हे ऐकल्यावर आई म्हणाली, हे कोणाला सांगू नकोस.

इथल्या रीतीप्रमाणे त्यांनी पहिल्याच जेवणात मला एकेरीत हाक मारायची परवानगी दिली. तोंडाने मी जर्मनमध्ये एकेरीत बोलतो, मनात मात्र अहो-जाहोच चालतं. इथे जे लिहितोय ते मनातलं आहे असं समजावं.

राजकारणात ते आले ते शाळेच्या बसमुळे, असं ते सगळ्यांना सांगत. आजूबाजूच्या खेड्यांतून मुलांना आणणारी बस रोज घंटा झाल्यावर पोचायची. त्यांनी पत्रं लिहिली, उत्तरं आली, बस उशिराच येत राहिली. तेव्हा ते स्वतःच नगरपरिषदेला उभे राहिले, निवडून आले, आणि बस वेळेवर येऊ लागली. मग जिल्ह्याच्या बसेस, आणि मग लांडटाग. शिक्षक निवडून आला की इथे त्याला शाळेतून सुट्टी मिळते, पण नोकरी जात नाही. हरला तर तो परत वर्गावर जाऊ शकतो. पंधरा वर्षं ते अशा सुट्टीवर होते. एकदा मी प्रेक्षकांच्या सज्ज्यात बसून त्यांचं भाषण ऐकलं. खाली सभासद आपसात कुजबुजत होते. सासरे व्यासपीठावर गेले, कागद ठेवला, हात मागे बांधले आणि काहीही न बोलता नुसते उभे राहिले. हळूहळू सगळं सभागृह गप्प झालं. अध्यक्षसुद्धा खुर्चीत सरळ बसले. मग ते म्हणाले, "धन्यवाद," आणि ग्रामीण शाळांच्या छपरांबद्दल बोलू लागले.

यंदा चौथी खेप. घोडामैदान जवळ आलं होतं आणि हवा त्यांच्या पक्षाच्या विरुद्ध होती. हे त्यांनाही कळत होतं. एका रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात मी सासूबाईंना बटाटे सोलू लागत होतो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "त्याला हरायची भीती नाही. हरल्यावर कुठे जायचं, याची आहे."

"शाळेत जातील की," मी म्हटलं. "जागा तर ठेवलेलीच आहे."

"जागा आहे. पण बोलावणं? निरोपाच्या दिवशी शाळेने एक रोपटं दिलं, हात मिळवले. पंधरा वर्षांत एकाचाही फोन नाही. तो म्हणतो, कोणाला हवा असेन तर जाईन, नाहीतर घरी बसेन." त्यांनी सुरी खाली ठेवली. "आणि घरी बसला तर काय होईल ते मला माहीत आहे. गेल्या नाताळच्या सुट्टीत त्याने माझे मसाले अक्षरांच्या क्रमाने लावले. मला आठवडाभर मीठ सापडत नव्हतं."

म्हणून सासूबाईही जीव तोडून प्रचार करत होत्या.

प्रचार म्हणजे दारोदार जाणं. यात सासऱ्यांची एक अडचण होती. गावातल्या निम्म्या मतदारांना त्यांनी गणित शिकवलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नापास केलं होतं. बेल वाजवली की दार उघडायचं, चाळिशीचा एखादा धिप्पाड गृहस्थ बाहेर यायचा, आणि सासऱ्यांना पाहून त्याचे हात आपोआप खिशातून बाहेर यायचे. असाच एक जण आठवतो. गावातल्या बेकरीचा मालक.

"तू खिडकीपाशी बसायचास," सासरे म्हणाले.

"हो," तो म्हणाला.

"त्रिकोणमिती."

त्याने मान खाली घातली. मग धीर करून म्हणाला, "तुम्ही मला पाच दिले होते." इथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे शून्य.

"तुझे सहा होत होते," सासरे म्हणाले. "मी पाच दिले." आणि त्यांनी त्याच्या हातात पत्रक ठेवलं.

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "अहो, असं बोलून मतं मिळतात का?" ते गंभीरपणे म्हणाले, "वीस वर्षं त्याला वाटत होतं की माझ्याकडून त्याच्यावर अन्याय झाला. आज त्याच्या मनावरचं ओझं उतरलं असेल." बेकरीवाल्याने त्या शनिवारी मला पाव देताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी बाजाराच्या चौकात प्रत्येक पक्ष आपली छत्री आणि टेबल मांडतो. सफरचंदं वाटायची, पेनं वाटायची, लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. दर निवडणुकीला आमच्या छत्रीखाली सासरे, सासूबाई, मी, आणि एक निवृत्त पोस्टमन व त्यांचा कुत्रा, एवढेच असायचे. यंदा पहिल्याच शनिवारी पाहतो तर छत्रीभोवती गर्दी. शाळेचे शिक्षक. खेळाचे शिक्षक, रसायनशास्त्राच्या बाई, लॅटिनचे मास्तर, दोन अगदी तरुण मुली, ज्यांनी सासऱ्यांना शाळेत कधी पाहिलंही नसणार. मधोमध मुख्याध्यापिका. या बाई म्हणजे सासऱ्यांची जुनी विद्यार्थिनी. आता स्वतः पन्नाशीच्या, केस पांढरे, गावात दरारा, पण सासरे जवळ आले की हातातला कॉफीचा कप खाली ठेवून ताठ उभ्या राहायच्या.

"आम्ही मदतीला आलोय," बाई म्हणाल्या. "सगळे."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एरवी उत्तर द्यायला त्यांना क्षणही लागत नाही. त्या दिवशी ते नुसते ‘हं’ म्हणाले आणि सफरचंदांची परडी उगीचच इकडची तिकडे केली.

त्यानंतर शिक्षकांनी जो सपाटा लावला तो पाहून पक्षाच्या कार्यकर्त्यांना लाज वाटू लागली. लॅटिनचे मास्तर घराघरांत पत्रकं टाकत. रसायनशास्त्राच्या बाईंनी पालकांच्या सगळ्या ग्रुपवर निरोप पाठवले. तरुण शिक्षिका रविवारीही छत्री मांडून बसायला तयार होत्या, त्यांना सांगावं लागलं की रविवारी बाजार नसतो. घरी जाताना सासरे गाडीत एकच वाक्य वेगवेगळ्या प्रकारे म्हणत. "सगळे आले होते, पाहिलंस?" मग वळणावर, "तो लॅटिनवालासुद्धा." मग घराशी, "मला वाटायचं त्याला माझा राग आहे."

मला संशय येत होता. मी सांगलीचा आहे. आमच्याकडे कोणी विनाकारण कोणाचा प्रचार करत नाही. खेळाचे शिक्षक माझी शिडी धरायला येत असत. एकदा चांगलाच वारा सुटला होता, फलक हातात फडफडत होता आणि हा बिचारा खाली चिंब भिजत उभा. मला राहवेना.

"तुम्ही त्यांच्यासाठी इतकं का करता?" मी वरून विचारलं.

"ते निवडून यायला हवेत."

"खरं आहे. नाही आले तर त्यांना फार वाईट वाटेल."

"वाईट वाटेल?" ते वर बघत म्हणाले. "ते परत येतील."

शिडी हलली. ती मी हलवली की त्यांनी, ते कळलं नाही. मी खाली उतरलो आणि एका दुकानाच्या छज्ज्याखाली उभं राहून सगळं ऐकून घेतलं. सासरे शाळेत असताना वेळापत्रक तेच बनवायचे, आणि त्यात कोणालाही सलग दोन तास मोकळे मिळत नसत, कारण मोकळ्या वेळात माणूस आळशी होतो. दुसऱ्याच्या तासाला ते मागच्या बाकावर येऊन बसत, शिकण्यासाठी, असं म्हणत. तास संपला की त्या शिक्षकाच्या खणात एक चिठ्ठी पडे. कॉफी घरी पिऊन यावी, असं त्यांचं मत होतं. ते लांडटागमध्ये गेले त्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत कॉफीचं मशीन आलं.

"वाईट माणूस नाही," खेळाचे शिक्षक म्हणाले. "उलट फार चांगला. पण इतक्या चांगल्या माणसाबरोबर रोज राहून बघा."

"म्हणजे तुम्ही सगळे..."

"गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे ‘अगदी बरोबर’. "बरं, अजून किती फलक राहिलेत?"

घरी आल्यावर मी मुलीला विचारलं. ती त्याच शाळेत सातवीत आहे. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, असा आमचा करार आहे. पाव चावत ती म्हणाली की हे अख्ख्या शाळेला माहीत आहे, आणि आजोबांना कृपा करून सांगू नये. तिचं आजोबांवर फार प्रेम आहे, रविवारी ती त्यांच्याबरोबर बुद्धिबळ खेळते. "पण गणिताला नकोत," ती म्हणाली. तिच्या वर्गाने म्हणे आईबापांना मतदानाची आठवण करून द्यायची पाळी लावली होती.

आता हे गुपित पोटात घेऊन मी सासऱ्यांबरोबर फिरू लागलो. एखाद्या माणसाचा इतका मोठा गैरसमज रोज डोळ्यांसमोर वाढताना बघणं सोपं नसतं. ते ताजेतवाने दिसू लागले होते. घरी शीळ घालत होते. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, हा आजारी तर नाही ना.

त्यातच सांगलीहून माझ्या मामेभावाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. आईने निवडणुकीची बातमी पुरवली होती आणि मामेभावाला पुढच्या वेळी नगरसेवक व्हायचं आहे. त्याने चौकात एक मजली उंचीचा फ्लेक्स लावला होता. ‘जर्मनी देशाच्या आमदारपदी चौथ्यांदा प्रचंड बहुमताने निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ सासऱ्यांच्या फोटोवर भगवा फेटा चढवला होता आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून गोलागोलात पंधरा-वीस तोंडं. सासऱ्यांना दाखवू नये असं मी ठरवलं होतं, पण मुलीने दाखवलाच. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तो फोटो नकाशासारखा तपासला.

"पण अजून मतदान झालेलं नाही," ते म्हणाले.

"नाही झालं."

"मग प्रचंड बहुमत?"

"आमच्याकडे आधीच लिहायची पद्धत आहे."

"आणि हा काळा चष्मा घातलेला कोण? हा माझ्याहून मोठा का आहे?"

"माझा मामेभाऊ. त्याला पुढच्या निवडणुकीला उभं राहायचंय."

त्यांनी विचार केला. "म्हणजे हा फलक माझा नाहीच. त्याचाच आहे."

"गेनाऊ," मी म्हटलं.

ते इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई धावत आल्या. हसणं ओसरल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाले, "आमच्याकडे इतके रंग नसतात. पण इथे कोणी दुसऱ्यासाठी शिडी धरली, तर ती खरोखर दुसऱ्यासाठीच धरलेली असते." मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे राटहाउसच्या, म्हणजे नगरपालिकेच्या सभागृहात जमलो. भिंतीवर पडदा, पडद्यावर आकडे, टेबलांवर पाव आणि बटाट्याचं सॅलड. शिक्षक एका कोपऱ्यात घोळका करून उभे होते, मुलांच्या निकालाच्या दिवशी पालक उभे असतात तसे. सुरुवातीला सासरे पुढे होते. मग आजूबाजूची खेडी आली. मग गावाचा नवा भाग आला. सॅलड संपायच्या आत स्पष्ट झालं की ते हरले. फरक मोठा नव्हता, पण हार ती हार. खेळाचे शिक्षक भिंतीला टेकले. रसायनशास्त्राच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना वाटलं असेल, केवढं हे प्रेम.

सासऱ्यांनी जिंकलेल्या उमेदवाराशी हात मिळवला. मग ते पडद्यापाशी गेले आणि एकेका मतदान केंद्राचे आकडे वाचू लागले. शाळेच्या आसपासच्या वस्तीच्या केंद्रावर येऊन थांबले. तिथे शिक्षक राहतात, पालक राहतात. तिथे त्यांना त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली सर्वांत जास्त मतं पडली होती. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. परत पाहिलं.

मग त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी हात मागे बांधले, सभागृह शांत होईपर्यंत वाट पाहिली, आणि म्हणाले, "मतदारसंघाने मला घरी पाठवलं आहे. पण जे मला सर्वांत जवळून ओळखतात, त्यांनी मला ठेवून घ्यायचं ठरवलं, हे मी आज आकड्यांत पाहिलं. मी शिक्षक आहे, आकड्यांवर माझा विश्वास आहे. निवृत्त व्हायचा विचार मी सोडून दिला आहे. मी शाळेत परत येतोय."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते याला. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सासूबाईंनी मात्र मनापासून वाजवल्या आणि त्या सगळ्यांत शेवटी थांबल्या.

कोट घ्यायला मी बाहेर आलो तर मुख्याध्यापिका माझी वाटच बघत होत्या. "तुम्ही त्यांना समजवा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुमचं ऐकतील. खरं काय ते सांगा. सौम्यपणे सांगा, पण सांगा. माझे निम्मे शिक्षक बदली मागतील हो."

"तुम्हीच का नाही सांगत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच प्रश्न मूर्खपणाचा वाटला. "मी त्यांच्या वर्गात होते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून फलक उतरवायचे होते. निवडणूक झाली की ते फार दिवस ठेवता येत नाहीत. या वेळी खांबांपाशी आम्ही दोघंच होतो. प्रचारभर धावणाऱ्यांपैकी एकही शिक्षक फिरकला नव्हता. मला वाटलं, आता तरी त्यांच्या लक्षात येईल. पण ते म्हणाले, "सगळे शाळेत कामाला लागले असतील. वर्षाच्या मध्येच एक माणूस वाढवायचा म्हणजे सगळं नव्याने आखावं लागतं." त्या दिवशी त्यांनी मला शिडीवर चढू दिलं नाही. हरलेल्या माणसाने आपला चेहरा आपणच उतरवावा, असं त्यांचं म्हणणं. मी खाली शिडी धरून उभा राहिलो आणि मनात वाक्य जुळवू लागलो. जर्मन वाक्यात मुख्य क्रियापद बऱ्याचदा शेवटी येतं, त्यामुळे वाईट बातमी सांगणाऱ्याला विचार करायला थोडा वेळ मिळतो.

"मला शाळेतल्या लोकांबद्दल तुम्हाला काहीतरी..." मी सुरुवात केली.

"मलाही तुला काहीतरी सांगायचंय," ते वरूनच म्हणाले. हातात कात्री, पाठ माझ्याकडे. "मी शिक्षकांच्या खोलीत शिरलो की बोलणं थांबायचं. रोज. इतकी वर्षं. मी डबा घेऊन बसायचो आणि सगळ्यांना अचानक कुठेतरी काम निघायचं. मला वाटायचं, या लोकांना मी नको आहे. तुला मी सांगतो ना, बससाठी निवडणुकीला उभा राहिलो म्हणून? बस होतीच. पण मला बघायचं होतं, की कोणाला तरी मी हवा आहे का. शाळेत ते कळत नाही. निवडणुकीत मोजून सांगतात."

त्यांनी केबल टाय कापला. फलक सुटला, तो त्यांनी छातीशी धरला.

"किती मूर्ख होतो मी," ते म्हणाले. "ते आदराने गप्प बसायचे. मी हे आधी ओळखलं असतं तर लांडटागला गेलोच नसतो. ही माणसं माझ्यासाठी पावसात उभी राहिली रे." त्यांचा आवाज नीट नव्हता. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि पाहायचंही नव्हतं, म्हणून मी शिडीच्या खालच्या पायरीकडे बघत राहिलो. या माणसाला मी इतकी वर्षं चिडवत आलो होतो, आणि तो डबा घेऊन एकटा बसायचा हे मला माहीतच नव्हतं.

थोड्या वेळाने ते खाली आले. "तू काय सांगत होतास?"

"काही नाही," मी म्हटलं. "शाळेतले लोक विचारत होते, तुम्ही कधीपासून येणार."

हे खोटं नव्हतं. खरोखरच सगळे तेवढंच विचारत होते.

"बघ," ते म्हणाले, आणि शिडी खांद्यावर घेऊन पुढच्या खांबाकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुख्याध्यापिकांचा फोन आला. मी ऑफिसातून हॅनोव्हरच्या स्टेशनवर येऊन गाडीची वाट बघत होतो.

"सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि मग त्यांनी न विचारताच खांबाखाली झालेलं सगळं बोलणं त्यांना सांगून टाकलं. डब्याचंही सांगितलं. सांगावं की नाही याचा विचार करायलाही मी थांबलो नाही. माझी गाडी आली आणि मी चढलो.

"आम्ही खरंच उठून जायचो," बाई शेवटी म्हणाल्या. "मी नवीन शिक्षिका होते तेव्हा. मीसुद्धा जायचे." मग मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात वर्ग सुरू करू दे त्यांना. फक्त एक सांगून ठेवा. आता काळे फळे नाहीत, सगळ्या वर्गांत स्क्रीन आहेत. खडू शाळेत कुठेच मिळणार नाही."

"सांगतो."

"नको," त्या म्हणाल्या. "सांगू नका. एका वर्गात जुना फळा बसवून घेते. खडू मी आणते."